आर्डिसने लिहिलेला आकडा

आमच्या डोंगरगावात स्कीवर बूट धरून ठेवणारे खटके गेली तीस वर्षं आर्डिस हॅल्व्हर्सन तिच्या गॅरेजात बसवते. ड्रिल हातात घेण्याआधी ती माणसाला वजनकाट्यावर उभं करते, कारण वजन आणि कसब या दोन्हींबाबत इथे सगळेच थापा मारतात. मग पडल्यावर किती जोर आला की बूट सुटावा, तो आकडा खटक्यावर लावते आणि चिकटपट्टीवर लिहून स्कीला डकवते.

ड्वेन प्रुइटला तिने सहा लावून दिला. सहा म्हणे बायकांचा आकडा! पठ्ठ्याने घरी स्क्रू पिळून तो अकरावर नेला. पडला तेव्हा बूट सुटला नाही, गुडघा गेला. आणि आता कुबड्या टेकत गावभर सांगतोय, "म्हातारीला दिसत नाही, खटका चुकीचा बसवला."

माझं डोकंच फिरलं. त्याच्या घरातल्या सगळ्या स्की गाडीत टाकल्या आणि त्याला तिच्यासमोर नेऊन उभा केला.

आर्डिसने त्याच्या स्कीवरची पट्टी वाचली, खटक्यावरचा काटा बघितला. "मी सहा लिहिलंय, ड्वेन."

"सहा? मी काय शिकाऊ आहे, आर्डिसबाई?"

तिने ढिगातली सगळ्यात छोटी जोडी उचलली. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीची. पट्टीवर दोन होता, काटा सातवर.

"स्वतःचा गुडघा मोडलास, तुझा होता," ती म्हणाली. "हिच्या गुडघ्याला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"