कपाळावरची आठी

बोईसरला आता जिथे फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे एक म्हातारा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ब्रश स्वतःच्याच बाहीला पुसायचा.

आई गेल्यावर बाबांनी तिचा ओळखपत्रावरचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. "ही ती नव्हे," म्हणाले. म्हणून मी त्या पेंटरला तैलचित्र करायला सांगितलं.

फोटो बघून त्याने विचारलं, "तुमची आय रागवायची कशी?" मी तसं रागावून दाखवलं.

आठवड्याने पाहिलं, तर चित्रात कपाळावर आठी. मी ती काढायला सांगितली.

"ताई, गळ्यात सोन्याची माळ घालतो, पण आठी नाय काढणार. मग ती कोणाचीबी आय होईल."

मी वैतागून चित्र तसंच घरी नेलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. "हिला आज कोणी चिडवलं?" म्हणाले आणि चित्रासमोर खुर्ची ओढून बसले.