कॉलेजचं सर्टिफिकेट

त्यांच्याकडे काहीही मागा, ते आधी विचारायचे, “ओरिजिनल पाहिजे का झेरॉक्स?” चहा पाठवा म्हटलं तरी हेच. ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक, मी कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याच्या विनोदावर सगळे हसतात आणि त्यामागचं कोणी विचारत नाही.

मागचं असं होतं. गांधीबागेपलीकडे विणकरांच्या वस्तीत घर, वडील हातमागावर. जातीच्या दाखल्यावर नोकरी लागली. अर्धी नोकरी झाल्यावर पडताळणी समितीने तो दाखला अवैध ठरवला. कायमची जागा गेली आणि त्याच टेबलावर त्यांना अकरा महिन्यांच्या आदेशावर ठेवलं. मुदत संपली की नवा आदेश. “माणूस तोच आहे मॅडम, फक्त एक्सपायरी डेट लागली,” म्हणायचे.

यंदा कॉलेजने हजेरी मोबाइलवर नेली. फोन कॉलेजच्या वायफायला जोडला तरच ती लागणार. एका सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले आणि आजूबाजूला बघून फोन पुढे धरला. स्क्रीनवर मराठीत लिहिलं होतं: ‘प्रमाणपत्र अवैध आहे.’

“मॅडम, हे याले कोणं सांगितलं?”

आठवडाभर हेच दिसत होतं. रोज वेळेवर यायचे, काम करायचे, हजेरी मात्र लागत नव्हती. लाजेपायी त्यांनी कोणाला फोन दाखवला नव्हता.

मी नेटवर्क बघणाऱ्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, “काका, तुमचं नाही हो. कॉलेजच्या सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट एक्सपायर झालं. बाकीच्यांनी ‘पडताळणी करू नका’ दाबलं अन् आत गेले.”

“असं बी बटन राहते?”

“राहते ना.”

“आमच्या वक्ताले काहून नव्हतं वं पोरी?”

ती हसली. ते हसले नाहीत. “म्हणजे अवैध कॉलेज, अन् गैरहजर मी?”

“नवं टाकून देते काका. दुपारपर्यंत होते.”

“दुपारपर्यंत वैध होते?” ते माझ्याकडे वळले. “मले तं आजाचा शाळेचा दाखला मागितला होता. आजा शाळेत गेला असता तं माग कोण चालवला असता?”

दुपारी त्यांच्या फोनवर वायफाय सुरू झालं. गेलेली हजेरी काही परत आली नाही. मी विभागप्रमुखांची सही घेऊन ते रोज कामावर होते असं लेखी दिलं. संस्थेच्या सचिवांनी कागद न वाचताच बाजूला सारला. “सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही, मॅडम.” त्याच महिन्यात त्यांचा नवा आदेश निघायचा होता. निघाला नाही. संस्थेला कारण हवंच होतं, ते आयतं मिळालं.

शेवटचे आले ते अनुभवाचं प्रमाणपत्र न्यायला. मी टाइप केलं, सही आणली, शिक्का मारला. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

“याले मुदत आहे का?”

“नाही.”

“अन् पडताळणी?”

“नाही, भाऊ.”

“मंग हे कोणाच्या कामाचं नाही,” ते म्हणाले, पण कागद नीट धरला. शिक्क्याची शाई ओली होती. ती वाळेपर्यंत दारात उभे राहून ते कागद हलवत राहिले. शेजारून प्राध्यापक हजेरी लावत आत येत होते, मान खाली, नजर फोनवर. नेटवर्क व्यवस्थित चालू होतं.