हलगीवरचं टायपिंग

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईची घरूनच मीटिंग चालू होती आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी मंडळाच्या गणपतीची पत्रिका टाइप करत होते. पलीकडच्या कुणीतरी विचारलं, तुमच्या फ्लॅटमध्ये ड्रिलिंग चालू आहे का? ती म्हणाली, नाही, सासूबाई टाइप करतायत. त्यानंतर लॅपटॉपसह माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. हे तुम्हाला तिकडे हॉस्टेलवर कॉल करून सांगितलं तर धाकटा तिथल्या बोलीत म्हणाला, “आजी, यू सो लाऊड ला.” थोरलीने विचारलं की हात टाइप करतात तेव्हा तुझा पाय का आपटतो. उत्तर लांब होतं आणि तेवढ्यात तिची बस आली. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे. मलाही हा मराठी कीबोर्ड शिकायला लागला.

आमचं गाव तालुक्याचं. शाळा मिशनची, म्हणून शिक्षण इंग्रजीत. बाकी सगळं मराठीत, विशेषतः शिव्या. नववीपासून प्रत्येकाने एक हातकामाचा विषय घ्यायचा. मुलांना सुतारकाम किंवा टायपिंग, मुलींना शिवण. का, असं विचारायचं नसे. शिवणाच्या तासाला मी एक झबलं शिवलं होतं, त्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला आल्या. शिवणाच्या बाईंनी ते बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे ज्याला बसेल ते मूल आधी शोधून आण.”

मला टायपिंग हवं होतं. मामलेदार कचेरीत एक टायपिस्ट बाई होत्या. त्या खुर्चीवर बसलेल्या आणि समोर पागोटी घातलेले पुरुष हात बांधून उभे, असं दृश्य मी पाहिलं होतं. शिवणाच्या मशिनपुढे कुणी असं उभं राहत नाही.

दोन मैत्रिणींना घेऊन मी हेडमास्तरांकडे गेले. एक उंच आणि अबोल, दुसरी सदा खिदळणारी. हेडमास्तरांनी आधी नाक शिंकरलं, मग अट घातली. तिघींनी टायपिंगची सरकारी परीक्षा, मिनिटाला तीस शब्दांची, पहिल्या फटक्यात पास व्हायची. एक जरी नापास झाली तरी तिघी परत शिवणात, आणि त्यानंतर शाळेतल्या कुठल्याही मुलीने टायपिंगचं नाव काढायचं नाही. आम्ही हो म्हणालो. नाही म्हणायला माझ्याकडे ते झबलं सोडून काही नव्हतं.

टायपिंगला वेगळा मास्तर ठेवणं शाळेला परवडत नव्हतं, म्हणून ते ड्रिलच्या सरांच्या गळ्यात पडलं होतं. सर स्वतः दोन बोटांनी टाइप करत, तेही जीभ बाहेर काढून. आम्ही मात्र कळांकडे बघायचं नाही, असा दंडक होता. त्यासाठी सुतारकामाच्या वर्गाने कळांवर झाकायला लाकडी खोकी करून दिली होती, इतकी ओबडधोबड की आत घातलेला हात कुसळं घेऊनच बाहेर यायचा.

मोठ्या शहरांत टायपिंग ग्रामोफोनच्या तालावर शिकवतात, असं सरांनी कुठेतरी ऐकलं होतं. आमच्याकडे ग्रामोफोन नव्हता, लेझमीची हलगी होती. हलगी तापवल्याशिवाय नीट वाजत नाही, कातडं सैल पडतं. जाळ करायला आमचेच बिघडलेले कागद. म्हणजे आम्ही जितक्या चुका करू तितकी हलगी खणखणीत. एका ठोक्याला एक अक्षर. लेझीम खेळताना चौथ्या ठोक्याला जोर लावून पाय आपटायची आम्हाला सवय, ती सवय बसल्या जागीही सुटेना. पायाबरोबर बोटालाही जोर लागून दर चौथं अक्षर गडद उमटायचं. ते ‘ओ’ असलं तर कागदाला भोकच पडायचं. सर कागद उजेडात धरून भोकं बघत आणि खूश होत. हेडमास्तर दारावरून जाताना कानांवर हात ठेवत. वेग मात्र वाढत होता.

परीक्षेला हलगी नसेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्या तर नाहीच. जिल्ह्याच्या गावी ते आमच्याबरोबर एसटीने हलगी घेऊन आले. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, “वरात कुणाची?” सर आणि हलगी दोघांनाही बाहेर वडाखाली बसवण्यात आलं.

आत परीक्षक म्हणाले, सुरू करा. हॉलभर यंत्रं कडाडायला लागली आणि आम्हा तिघींचे हात तसेच वर राहिले, पंगतीत बसावं आणि वाढपी फिरकू नये तसे. मला शिवणाची खोली दिसायला लागली. मग माझ्या पायाने आपणहून फळ्यांच्या जमिनीवर चप्पल आपटली. खिदळणारीने ओळखलं, तिची चप्पल पडली. उंच मैत्रिणीची पडली. हात चालू झाले. थोड्या वेळाने शेजारचा मुलगाही आमच्या ठेक्यावर टाइप करू लागला, आणि त्याचा सगळा गोंधळ झाला.

“कोण नाचतंय?” परीक्षक येऊन उभे राहिले. “पाय बंद करा.”

मी पाय बंद केला. हात थांबले.

“आता टाइप करा.”

“सर, पाय बंद केला की हात चालत नाहीत.”

“ही शाळा आहे की तमाशाचा फड?”

उंच मैत्रीण, जी वर्षभर तोंड उघडत नसे, ती म्हणाली, “मिशनची शाळा आहे, सर.”

आम्हाला व्हरांड्यात उभं करण्यात आलं. खिदळणारी रडायला लागली. फाटकाबाहेरून सर हातवारे करून काय झालं विचारत होते, आणि आमच्यापैकी कुणालाच ते हातवाऱ्यांनी सांगता येत नव्हतं. परीक्षक नियमांचं पुस्तक घेऊन बाहेर आले आणि आमच्यासमोरच ते वाचू लागले. बोलू नये, शेजारी पाहू नये, यंत्राची मोडतोड करू नये. पायांबद्दल अक्षर नव्हतं. ते नियमाने चालणारे गृहस्थ होते. पुस्तकात नाही त्या गुन्ह्यासाठी त्यांना आम्हाला घालवता येईना, आणि तसंच आत बसवायचाही धीर होईना. शेवटी त्यांनी सांगितलं की बाकीच्यांचं झाल्यावर तिघींना नवीन उतारा मिळेल. चपला मात्र बाहेर.

रिकाम्या हॉलमध्ये अनवाणी पायांचा ठेका मऊ येत होता, पण येत होता. मान वर करायची नसते, तरी मी एकदा केली. परीक्षकांची पेन्सिल टेबलावर पडत होती, चौथ्या ठोक्याला जरा जोरात.

तिघी पास झालो. बक्षीस समारंभात हेडमास्तर म्हणाले की मुलींची बोटं टायपिंगलाच योग्य, हे त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं. पुढच्या वर्षी शिवणाचा वर्ग निम्मा रिकामा झाला. बाईंनी मला ते झबलं परत केलं. मी पुढे कॉलेज करून एका कंपनीत लागले. खुर्चीवर बसले आणि माणसं समोर उभी राहिली. हात बांधून नाही, पण उभी राहिली.

शाळेत आता कॉम्प्युटर आहेत म्हणे. सर गेले, हेडमास्तर गेले, उंच मैत्रीणही गेली. खिदळणारी आहे, पण ती आता टाइप करत नाही, फोनमध्ये बोलून निरोप पाठवते आणि त्यात अर्धं खिदळणंच असतं. राहिला आहे तो माझा उजवा पाय. चौथ्या ठोक्याला तो अजून पडतो, आणि तुमच्या आईने त्याच्याखाली तिची योगा मॅट अंथरली आहे.