बाबांचा करडा जोड

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरला बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. डिसेंबरात तिथली लाल, गुळगुळीत जमीन इतकी गार पडायची की सकाळी पाय टेकवताना तोंडात शिवीच यायची. आई तिथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून उरल्यासुरल्या लोकरीचे गुंडे आणायची आणि घरातल्या सगळ्यांसाठी सपाता विणायची. एक सरळ पट्टी विणायची, दुमडून टाच शिवायची, पुढे चुण्या घालून दोरा ओढायचा, की झालं. माझी एक सपात जांभळी, दुसरी पोपटी. मैत्रिणी आल्या की मी त्या पलंगाखाली ढकलायचे.

बाबांनी मात्र साफ नकार दिला. "घरात देव आहेत. पायांत काही घालायचं नाही."

"अहो, लोकर आहे ती. सोवळ्यालासुद्धा चालते," आई म्हणायची.

ते ऐकायचे नाहीत. तरी दर थंडीत आई त्यांचा करडा जोड त्यांच्या पलंगाशी ठेवायची. पहाटे उठून सगळ्यांचा चहा बाबाच करायचे. आम्ही उठायचो तेव्हा जोड तिथेच, तसाच असायचा. मला बाबांचा भयंकर राग यायचा. इतकं कसलं मेलं सोवळं?

क्वार्टर्स सोडताना सामान मी बांधत होते. तो करडा जोड सहज उलटून पाहिला. दोन्ही टाचा झिजलेल्या, आणि जांभळ्या-पोपटी लोकरीनं पुन्हा पुन्हा रफू केलेल्या.

मी आईकडे पाहिलं.

"त्यांना काही बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "घालायचे थांबतील."