टोपीला भोकं हवीत

सॅलरी कॅप ही डोक्यावर घालायची वस्तू नाही, हे मला पन्नाशीत कळलं, आणि तेही मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातून पिशवी भरून टोप्या आणल्यावर. त्या पन्नाशीतल्या शहाणीची मला आजही कीव येते. चष्मा होता, अक्कल होती, कान तेवढे अर्धे उघडे होते.

आम्ही तेव्हा ओमानमध्ये, सोहारला राहायचो. माझे मिस्टर पोलादाच्या कारखान्यात फोरमन, मुलगी तिथेच एका ऑफिसात. तिचा जीव मात्र बास्केटबॉलमध्ये. वसईला चर्चच्या अंगणात शिकलेली पोरगी सोहारमधल्या आपल्या लोकांच्या टीमची कोच झाली. पुरुषांना बाई शिकवणार म्हणून आधी लोक हसले. तिची शिट्टी ऐकल्यावर गप्प झाले.

दरवर्षी मस्कतला आपल्या लोकांची स्पर्धा व्हायची. रुवी आणि मत्रह ही मस्कतमधलीच, मग आमचं सोहार आणि लांबून येणारं सलालाह. कप नेहमी रुवीला. त्यांच्या टीमचा अर्बाब, म्हणजे मालक, मोठा व्यापारी. कुठे चांगला खेळाडू दिसला की त्याला आपल्या कंपनीत नोकरी द्यायचा. नोकरी रुवीला, खेळाडू रुवीला, कप रुवीला. खलास! त्या वर्षी त्यांचा डोळा आमच्या उंच्यावर होता. नागपूरकडचा इंजिनियर, आमच्या दारातून वाकून आत यायचा, मला काकू म्हणायचा. तो गेला तर टीम मोडायची, असं बाकीच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मुलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

एकदा ती फोनवर तावातावाने म्हणत होती, "सॅलरी कॅप पाहिजेच. सगळ्या टीमना एकाच मापाची. तरच बरोबरी होईल."

मी भाजी चिरत होते. मनात म्हटलं, एवढंच ना? सॅलरी कॅप म्हणजे कंपनी पगारदारांना देते तसली टोपी असणार. पोरीला चकित करू या. मिस्टरांचं मस्कतला काम निघालं तशी मी गाडीत बसले आणि मत्रहला जाऊन कुम्मे घेतले. कुम्मा म्हणजे ओमानी लोकांची भरतकामाची गोल टोपी.

दुकानदाराने विचारलं, "माप?"

"सगळ्यांना एकच."

"कोण घालणार?"

"बास्केटबॉलवाले."

"उडी मारल्यावर पडणार नाही?"

"आमची माणसं ताठ मानेने खेळतात," असं म्हणून मी पिशवी उचलली. काय तो तोरा!

पुढच्या शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर चारही टीमची माणसं आमच्या हॉलमध्ये नियम ठरवायला जमली. मी चहाच्या ट्रेमागून दुसरा ट्रे आणला, टोप्यांचा. "घ्या, सॅलरी कॅप. एकाच मापाच्या."

आणि जे हसू फुटलं! रुवीचा मॅनेजर, मूळचा गिरगावचा, सोफ्यावरून घसरायचा बाकी होता. मुलीने कपाळाला हात लावला. "मम्मी, कॅप म्हणजे मर्यादा. अमेरिकेतल्या लीगमध्ये एका टीमने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून अमुक इतकाच खर्च करायचा. नाहीतर श्रीमंत मालक सगळे चांगले खेळाडू उचलून नेईल."

"मग तिथे सगळ्या टीम जिंकतात?" मी विचारलं. फजिती झाकायला काहीतरी विचारायला हवं होतं.

"कुठलं काय!" मिस्टर म्हणाले. "टोपी एका मापाची केली, डोकी कुठे एका मापाची असतात? ज्यांना माणूस पारखता येतो, तेच पुन्हा पुन्हा जिंकतात. मोठ्या शहराची ओढ असते ती वेगळीच."

"डॅडी, पण निदान निकाल तरी आधीच ठरत नाही," मुलगी म्हणाली.

रुवीचा मॅनेजर टोपी उजेडात धरून बघत होता. "आंटी, तुमच्या टोपीला भोकंच भोकं आहेत."

मी फणकारले. "मग? भोकं नसतील तर डोकं उकडून निघेल ना!"

आणि माझी लेक ताडकन उभी राहिली. "तेच तर! तिथल्या कॅपलाही भोकं आहेत. आपला जुना खेळाडू राखायचा असेल तर मर्यादा ओलांडता येते. आपण तसंच करू. नोकरी देऊन आणलेले खेळाडू प्रत्येक टीमला दोनच. आपल्याच गावात राहून खेळणारे कितीही."

"आणि कोण आणलेला, ते कसं कळणार?" मत्रहवाल्यांनी विचारलं. "पगाराच्या स्लिपा तपासणार?"

"कशाला? मम्मीने टोप्या आणल्यात की. स्पर्धेच्या सुरुवातीच्या संचलनात त्या दोघांनी टोपी घालून चालायचं. बघू दे सगळ्यांना."

रुवीचा मॅनेजर हसायचा थांबला. पण एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार?

स्पर्धेच्या संचलनात माझी नजर रुवीच्या रांगेवर. टोपीवाले दोघे दिसले, दोघेही बुटके. मग सोहारची रांग आली. सगळ्यात पुढे शिट्टी गळ्यात घालून माझी लेक, आणि शेवटी आमचा उंच्या, बोडक्या डोक्याने. असा ऊर भरून आला की शेजारचीला मी उगाचच चिमटा काढला.

बरोबरी झाली का? छे. सलालाहवाले सगळे सामने हरले. कप पुन्हा रुवीलाच गेला. पण फायनलला त्यांच्यासमोर सोहार होतं, आणि हरलो ते एका बास्केटने. रुवीचा अर्बाब शेवटी खुर्ची सोडून उभा राहिला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. टीम मोडायचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पोरं तर पुढच्या वर्षीच्या प्रॅक्टिसवरून मैदानातच भांडायला लागली होती आणि माझी लेक मधोमध उभी राहून सगळ्यांना झापत होती.

उंच्या घाम पुसत माझ्यापाशी आला. मी म्हटलं, "का रे, रुवीवाल्यांनी बोलावलं नाही तुला?"

तो म्हणाला, "बोलावलं ना, काकू. पगारही चांगला देत होते. पण तुमची ती टोपी माझ्या डोक्याला बसतच नाही. त्या मीटिंगच्या दिवशी तुमच्याच घरी घालून पाह्यली होती मी."