भीमाबाईंनी धुतलेले दाणे

आमच्या भीमाबाईंना घाण म्हणून खपत नसे. स्वतःच्या घरातली नाहीच, पण दुसऱ्याच्या घरातलीही नाही. चहाला बोलावलं तर आधी कप हुंगून बघायच्या, मग टेकायच्या. वस्तीतल्या बुद्धविहाराची फरशी त्या घासायला बसल्या की आत पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. मी त्यांची शेजारीण, त्यामुळे सगळ्यात जास्त बोलणी माझ्याच वाट्याला.

सावनेर रस्त्याला लागून असलेल्या आमच्या वस्तीत बोअरच्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघाला. त्याला ना वास, ना चव. भीमाबाईंच्या नवऱ्याचे, दादाजींचे, तळहात टणक होत गेले, अंगावर काळे डाग उठले आणि एक दिवस ते गेले. तेव्हा कोणाला कळलं होतं, पाणीच मारतंय म्हणून! पुढं कॉलेजात संशोधन करणाऱ्या पियुषनं विहारामागं पाणी गाळायची टाकी बसवली. तिच्यात तांबूस दाणे होते. दाण्यांवर लोखंडाच्या गंजाचे, डोळ्यांना न दिसणारे कण बसवलेले. पाणी त्यांतून उतरताना सोमल त्या कणांना चिकटून मागं राहायचा. टाकीची किल्ली अर्थातच भीमाबाईंकडे गेली.

"आजी, दाण्यांले हात लावू नका. बदलाचे झाले का मीच येतो," पियुष बजावून गेला.

मग त्यांची एकुलती एक लेक मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भीमाबाईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. चादरी धुतल्या, भिंती पुसल्या, आणि एका सकाळी त्यांनी टाकीचं झाकण उघडलं.

"पाह्य वं, कसा गंज चढला!" मला हाक मारून त्यांनी दाखवलं.

"त्यानं हात लावू नका म्हटलं होतं न?"

"त्याच्या घरी त्याची माय भांडे घासते. त्याले काय समजते? असं गंजकं पाणी मी पोरीले पाजू काय?"

घमेल्यात कढत पाणी, त्यात मूठमूठ धुण्याचा सोडा. दाणे भिजवले, खसाखसा चोळले, पुन्हा टाकीत भरले. नळातून पाणी आलं ते काचेसारखं. बाई इतक्या खुशीत होत्या की त्या दिवशी मलासुद्धा रागावल्या नाहीत. मला मात्र ते पाणी प्यावंसं वाटेना. मी आमच्या माठात आदल्या दिवशी भरलेलंच प्यायले.

संध्याकाळी पियुष नेहमीच्या तपासणीला आला. बाटलीत पाणी घेतलं, पूड टाकली, झाकणात सोमल दाखवणारी कागदाची पट्टी अडकवली. एरवी ती पट्टी पांढरीच राहायची. आज पिवळी झाली, मग तपकिरी, आणि गडद होतच गेली. त्यानं टाकीत हात घालून दाणे बाहेर काढले.

"आजी, हे कायनं धुतले?"

"सोड्यानं. किती गंज होता गा!"

"त्या गंजानंच तर सोमल धरून ठेवला होता. सोड्यानं तो सुटते. इतक्या दिवसांचा सगळा पाण्यात उतरून राहिला." त्याचा आवाज चिरका झाला होता. "हे पाणी कोणी पेलं काय?"

भीमाबाईंनी आपल्या घराकडे बघितलं. मी त्यांचा दंड धरला.

"वस्तीत अजून कोणालेच नाही देल्लं," त्या म्हणाल्या. "पहिला हंडा मेघासाठी भरला. सकाळपासून तेच पिऊन राहिली."