गाळलेलं रीळ

नव्या लाकडाला मारलेल्या पॉलिशचा वास आला की मला लातूरचं ते ऑफिस आठवतं. जिल्हा नवा झाला होता, टेबलं नवी होती, आणि दुष्काळ असल्यामुळे त्यांच्यावर पहिले अर्ज आले ते टँकरचे. मी आणि नांदेडहून बदलून आलेला एक कारकून एकाच टेबलावर बसायचो. एका सकाळी पेपरात सिनेमाच्या बक्षिसांची बातमी आली. मी म्हणालो, योग्य सिनेमाला मिळालं; पळून गेलेला मुलगा परत येतो तेव्हा आई एक शब्द न बोलता त्याचं ताट वाढते, तेवढ्यासाठी तरी मिळायलाच हवं होतं. "एक शब्द न बोलता?" तो भडकला. "धा मिनटं छाती बडवून रडती ती! नांदेडला बघितलाय मी. तुम्ही काय झोपला होता का?" शब्दानं शब्द वाढला आणि आठवडाभर आमचा चहा वेगळा झाला. मग मी तो सिनेमा जिथे पाहिला होता त्या लातूरच्या टॉकीजचा ऑपरेटर गल्लीसाठी टँकर मागायला आला, तेव्हा त्यालाच विचारलं. "साहेब, ते रडायचं रीळ मी लावतच न्हवतो," तो खालमानेनं म्हणाला. "सहाला टँकर यायचा. बाया खेळ सोडून घागरी घ्यायला पळायच्या. त्यास्नी शेवट तरी दिसावा म्हणून गाळलं." परवा टीव्हीवर तो सिनेमा पुरता पाहिला. कारकुनाचं खरं होतं. आई रडते, फार रडते. बक्षीस चुकलंच. ते त्या ऑपरेटरला द्यायला हवं होतं.